गेट तीनपुढचा खांब

सामना सुटला आणि मिथिलाची खुर्ची पुन्हा तिथंच येऊन थांबली.

तीन नंबरच्या गेटच्या आत, दाराच्या अलीकडं. अगदी मधोमध नव्हे, जरा डावीकडं, तिरकी, तोंड गर्दीकडं. समोरच्या पायऱ्यांवरून नागोबा तालमीची पोरं ओरडत, झेंडे नाचवत उतरत होती. गर्दी खुर्चीपाशी यायची, दोन बाजूंनी फुटायची आणि दाराशी पुन्हा एक व्हायची. ओढ्यातल्या दगडाला पाणी वळसा घालतं तशी. सुनीती खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. कुणाचा तरी कोपर तिच्या खांद्याला लागला, कुणाची बॅग मिथिलाच्या गुडघ्यावर आपटली.

"आई, एवढी घाबरतेस काय? ट्रॅफिक आहे."

"मागच्या वेळीही इथंच होता ट्रॅफिक."

"मग गेट काय दर सामन्याला जागा बदलतं होय?" मिथिला हसली. गालावरचा केशरी रंग घामानं ओघळला होता.

गर्दी विरळ झाली तशी खुर्ची आपोआप वळून सरळ झाली आणि उतारावरून बसकडं निघाली.

कोल्हापुरात फुटबॉल कुणाला शिकवावा लागत नाही; तालमीतालमीचा आपला संघ असतो. मिथिलाला तर तो मामाच्या पाठीवरूनच मिळाला होता. जन्मापासून तिच्या कमरेखाली ताकद नव्हती. जुन्या मैदानाच्या उंच पायऱ्या बापूमामा तिला पाठुंगळी घेऊन चढायचा. पुढं मामाची कंबर गेली, मिथिला मोठी झाली, आणि तालमीची पोरं तिला दोघं-तिघं मिळून उचलू लागली. उचलताना तिचा सदरा वर सरकायचा, पोरं नजर चुकवायची. घरी आल्यावर ती सामन्याबद्दल अवाक्षर काढायची नाही.

मग गारगोटी रोडला नवं स्टेडियम झालं आणि त्याच्याबरोबर 'वाटाड्या' आला. चालता न येणाऱ्या प्रेक्षकांना योजनेतून मोटरच्या खुर्च्या मिळाल्या. सामन्याच्या दिवशी ठेंगणी बस दाराशी यायची, तिचा उतार खाली यायचा, खुर्ची आत जाऊन जमिनीला पकडून बसायची. स्टेडियमच्या फाटकात 'टुक' असा आवाज व्हायचा. तिथून पुढं खुर्ची चालवायची हातातली दांडी बंद, ताबा वाटाड्याकडं. स्टेडियमभर बसवलेल्या कॅमेऱ्यांतून आणि फरशीखालच्या वजनमापकांतून कुठं किती माणूस आहे ते त्याला कळायचं, आणि तो प्रत्येक खुर्चीला तिच्या वाटेनं सज्जात नेऊन सोडायचा. पुढचा माणूस उठून नाचला तरी मैदान दिसेल एवढा उंच सज्जा. शेजारी रुंद दाराचं स्वच्छतागृह. मिथिला पहिल्यांदा तिथं गेली त्या दिवशी ती घरी येऊन पहिल्या गोलापासून शेवटच्या शिट्टीपर्यंत बोलत राहिली होती, आणि सुनीतीनं अंबाबाईपुढं साखर ठेवली होती.

खंडेनवमीला घरातल्या विळी-कात्रीबरोबर सुनीतीनं त्या खुर्चीचीही पूजा केली. चाकांना कुंकू, पाठीला झेंडूची माळ. पूजेतला लाल दोरा कुठं बांधावा म्हणून तिनं खुर्चीभोवती फेरी मारली, तर सीटखाली एक पिवळा दांडा बाहेर आलेला दिसला. त्याला दोऱ्याचे वेढे देऊन तिनं घट्ट गाठ मारली.

"तिथं कशाला गं?" मिथिलानं विचारलं होतं.

"असू दे. पूजेचा आहे. कापायचा नाही, झिजून गळून पडेल आपोआप."

*

खुर्च्या लावून देणारी, त्या चालवायला शिकवणारी मुग्धा देवल नावाची एक तरुण इंजिनीयर होती. सुनीती तिला भेटायला स्टेडियमच्या कचेरीत गेली.

"बाळ, माझ्या मुलीची खुर्ची दर वेळी त्या गेटपुढंच का थांबते?"

मुग्धानं पडद्यावर मागचे सामने लावले. वरून दिसणारी माणसं म्हणजे बारीक ठिपके, खुर्च्या म्हणजे निळे चौकोन. ती एकामागून एक सामने बघत गेली, तसा तिचा चेहरा बदलत गेला. प्रत्येक मोठ्या गेटपुढं सामना सुटताना एक निळा चौकोन येऊन उभा राहत होता. डावीकडं, तिरका.

"काकू, गिरणीत गहू ओततात ते पाहिलंय? कधीकधी खालचं तोंड मोकळं असूनही दाणे अडकतात."

"हो. गिरणीवाला मग बाजूला चापट मारतो."

"दाणे एकमेकांना रेटून कमान करतात, म्हणून अडकतात. गर्दीचंही तसंच. माणसं दाटली की ती माणसं राहत नाहीत, पाण्यासारखी होतात. मागचा धक्का लाटेसारखा पुढं येतो, दाराशी खांद्याला खांदा अडकून कमान होते, आणि त्या कमानीत पुढचे चेंगरतात. पण दाराच्या थोडं अलीकडं, जरा बाजूला एखादा खांब असला तर कमान धरतच नाही. धक्का खांब खातो, माणसं उलट लवकर बाहेर पडतात. दाण्यांवर, मेंढ्यांवर प्रयोग झालेत. माणसांवर निकाल उलटसुलट आले, म्हणून कुणी तसे खांब बांधले नाहीत."

"आणि इथं?"

मुग्धानं पडद्यावरच्या निळ्या चौकोनावर बोट ठेवलं. "वाटाड्याला आम्ही एवढंच सांगितलंय, की कमीत कमी माणसं दाबली जातील असं बघ. आणि हलवायला काय दिलंय? दारं, दिवे, सूचना, आणि खुर्च्या. खुर्ची जड आहे, चाकं आवळली की जागची हलत नाही. खांब त्याचा त्यानंच शोधलाय, काकू. आम्ही कुणी शिकवलेला नाही."

"त्या खांबात माझी मुलगी बसलेली असते."

"त्याच्या हिशेबात ती एकच आहे."

सुनीतीच्या हातातली पिशवी खाली पडली. ती उचलायला मुग्धा वाकली आणि वाकूनच म्हणाली, "मी वर कळवते. पण ते काय म्हणतील तेही सांगते. आजवर एकाही खुर्चीला ओरखडा नाही, आणि जुन्या मैदानावर माणसं चेंगरायची ती इथं चेंगरत नाहीत. तरी एक लक्षात ठेवा. सीटखाली पिवळा दांडा आहे. तो ओढला की मोटर सुटते, चाकं मोकळी होतात, खुर्ची तुमच्या हातात. तेवढं एकच वाटाड्याच्या हातात नाही."

सुनीतीनं मान हलवली. दोरा तिला आठवला नाही. तिच्या मनात तो दांड्याला बांधलेला नव्हता, देवाला बांधलेला होता.

*

"फायनलला जायचं नाही," ती घरी येऊन म्हणाली आणि सगळं सांगितलं.

बापूमामा कॉटवर कमरेला शेक देत पडला होता. "खांब तर खांब! नागोबा तालमीचा खांब! फायनलला येणाऱ्या दगडी चौकवाल्यांच्या डोसक्यात घालायचा की न्हाई?"

"बापू, चेष्टा नको."

"मला माहीत होतं," मिथिला म्हणाली.

दोघंही तिच्याकडं वळली.

"आई, मी तिथं बसलेली असते. माझ्या तोंडापुढं लोकांची पोटं आणि पट्टे असतात. मला कळत नाही होय, मी मधे कशाला आहे ते? पण गर्दी फुटते, दोन मिनिटांत संपते, मग बस येते. कुणी मला उचलत नाही. कुणाचे हात माझ्या अंगाला लागत नाहीत. तेवढ्यासाठी मी दोन मिनिटं खांब व्हायला तयार आहे."

"आणि खरंच काही झालं तर?"

"तर तू आहेस ना. दांडा ओढ."

"ओढशील न्हवं आक्का?" मामा म्हणाला. "पोरी, तुझी आई हो म्हणाली म्हंजे हो. रोज सकाळी देवीपुढं हात जोडून सांगती, आज खोटं बोलणार न्हाई म्हणून. लग्नात माझ्या सासूनं विचारलं, जेवण कसं झालं, तर म्हणाली आमटी खारट हाय. अजून बोलत न्हाई सासू."

मिथिला हसली. सुनीतीलाही हसू आलं.

"ओढीन," ती म्हणाली.

*

फायनलच्या दिवशी उन्हं कलायला लागली होती. नागोबा तालीम एका गोलनं पुढं होती आणि सज्जातले निवृत्त मास्तर, इनामदार सर, खुर्चीत बसल्या बसल्या पंचाला व्याकरणशुद्ध शिव्या देत होते. "अरे मतिमंदा, तो हस्तस्पर्श होता!" मिथिला पोट धरून हसत होती.

पूर्वेकडच्या स्टँडखालून आधी काळी रेघ वर आली. सगळ्यांना वाटलं, कुणी फटाका लावला. मग धूर जाड झाला, जळक्या रबराचा वास आला, आणि त्या बाजूचे लोक उठून उभे राहिले. जनरेटरच्या खोलीत काहीतरी पेटलं होतं. एका बाईचा गोड आवाज सांगू लागला, "कृपया शांतपणे जवळच्या दाराकडे चला."

टुक.

सज्जातल्या सगळ्या खुर्च्या एकाच क्षणी वळल्या. इनामदार सरांचं वाक्य अर्धवट राहिलं. त्यांची खुर्ची चार नंबरकडं निघाली. जाताना त्यांनी मिथिलाकडं बघून टोपी हातात घेतली. मिथिलाची खुर्ची उतारावरून सुसाट सुटली. ती हातातली दांडी मागं ओढत होती, पण दांडीला काही कळत नव्हतं. सुनीती पाठीमागं धावत होती.

तीन नंबरच्या गेटपुढं खुर्ची थांबली. डावीकडं. तिरकी. या वेळी चाकं आवळल्याचा आवाज सुनीतीला स्वच्छ ऐकू आला.

मग गर्दी आली.

ती मागच्यासारखी गाणारी, नाचणारी गर्दी नव्हती. तिला आवाजच नव्हता. हजारो माणसांच्या चपला घासल्याचा आवाज आणि दाबून बाहेर पडणारे श्वास. पहिला धक्का खुर्चीला बसला तेव्हा मिथिला पुढं फेकली गेली आणि छातीवरच्या पट्ट्यानं परत खेचली गेली.

"आई, दांडा!"

सुनीती खाली बसली. हात सीटखाली घातला. बोटांना दांडा लागला नाही, दोरा लागला. तेल, धूळ आणि कुंकू पिऊन तो लाकडासारखा कडक झाला होता. वेढ्यावर वेढे, वर तिचीच गाठ, आणि दांडा त्या वेढ्यांनी शेजारच्या नळीला जखडलेला. तिनं ओढलं. हलला नाही. नखं रुतवली, एक नख उलटलं. कुणाचा तरी बूट तिच्या पाठीवरून गेला.

"आई, काय करतेस? ओढ ना!"

तिनं डोकं सीटखाली घातलं आणि दोरा दातांत धरला. तोंडात तेल आणि कुंकवाची चव आली. आयुष्यात पहिल्यांदा ती पूजेचा दोरा तोडत होती. एक वेढा तुटला. दुसरा. वरून मिथिलाचा आवाज येत होता, त्याला आता शब्द नव्हते. शेवटचा वेढा सुटला आणि पिवळा दांडा तिच्या मुठीत आला.

ती मुठीत दांडा धरूनच वर बघायला वळली.

खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी माणसं जात होती. जात होती, हे तिला दिसलं. अडकत नव्हती. एक म्हातारी, तिच्या पदराला धरलेलं पोर. एक बाप, डोक्यावर मुलगी घेतलेला. खुर्चीपाशी येऊन ती फुटत होती आणि पलीकडं उजेडात बाहेर पडत होती. त्यांच्या मागं, पायऱ्यांपर्यंत, डोक्यांना डोकी लागलेली. मुग्धानं सांगितलेली गिरणी तिला आठवली. खांब काढला तर कमान होणार होती, आणि कमानीत ही पुढची माणसं असणार होती. तिला ते नको इतकं नीट कळलं.

"ओढ! आई, ओढ!"

सुनीतीनं मूठ सोडली.

ती उठली, खुर्चीच्या पुढं गर्दीच्या बाजूला आली, गर्दीकडं पाठ केली, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले आणि मिथिलाला स्वतःच्या छातीखाली घेतलं. मागचा धक्का तिच्या पाठीवर आला. मग दुसरा. कसला तरी कडकन आवाज झाला, तो तिच्या आतला होता. मिथिलाचं तोंड तिच्या कानापाशी होतं, आणि ती शेवटपर्यंत एकच शब्द म्हणत होती.

*

त्या दिवशी एकही माणूस दगावला नाही. सुनीतीच्या बरगड्या मोडल्या, मिथिलाचे दंड काळेनिळे झाले. इनामदार सरांचं मनगट मोडलं. शहरानं वाटाड्याचं कौतुक केलं. घरी पेढे घेऊन लोक येऊ लागले. "तुमच्या खुर्चीमुळं आमची आई वाचली," म्हणत एका बाईनं खुर्चीच्या हाताला हळद-कुंकू लावलं आणि वाकून नमस्कार केला. मिथिला खुर्चीतच बसलेली होती. बाईनं तिच्याकडं पाहिलं नाही.

ती गेल्यावर मिथिला पहिल्यांदा बोलली.

"दोरा सुटला होता. मला कळलं होतं. मग ओढला का नाहीस?"

"मागं माणसं होती गं."

"आणि मी?"

सुनीतीला खोटं बोलता येत नव्हतं. तिनं कुंकू लागलेला खुर्चीचा हात पदरानं पुसला.

पुढचा हंगाम जवळ आला तेव्हा मुग्धा घरी आली. नोकरी सोडली म्हणून सांगायला. चहाला तिनं हात लावला नाही.

"काकू, त्या दिवशी तुम्ही पुढं उभ्या राहिलात ना, तेव्हा तीन नंबरमधून सगळ्यात लवकर माणसं बाहेर पडली. खांब रुंद झाला. वाटाड्यानं ते टिपून ठेवलंय. या हंगामापासून सोबतच्या माणसाला तिकीट फुकट आहे. खुर्चीला पुढून धरायला मऊ कठडा बसवताहेत."

सुनीतीचा हात नकळत बरगड्यांवर गेला.

"अजून एक. खुर्च्या दुरुस्तीला मागवल्यात, तुमची देऊ नका. पिवळा दांडा काढून टाकताहेत. कुणीच तो ओढला नाही, अगदी हातात आला तरी ओढला नाही हे कॅमेऱ्यांत दिसलंय, म्हणजे त्याची गरज नाही, असं ठरलंय."

मिथिला खिडकीकडं तोंड करून बसली होती. ती वळली नाही.

*

हंगामाच्या पहिल्या सामन्याला बस दाराशी आली. मिथिलानं केशरी रंग लावला होता. बसच्या खिडकीतून इनामदार सरांनी टोपी हलवली. "चल गं पोरी, बावळट पंच वाट बघतोय!" त्यांच्या खुर्चीला नवा मऊ कठडा होता. सोबत त्यांची बायको होती, नव्वदीला टेकलेली, हातात फुकटच्या तिकिटाचा बिल्ला घेऊन हसणारी.

मिथिला उंबऱ्यात थांबली.

"आई, एक विचारू? या वेळी मी ओढ म्हटलं, तर ओढशील? मागं कोण आहे ते बघायचं नाही."

मामा कॉटवरून उठून बसला. सकाळचा दिवा अजून देवीपुढं तेवत होता. एक शब्द म्हटला असता तर पोरगी हसली असती. सुनीतीचे ओठ हलले, पण 'हो' बाहेर आलं नाही.

ती खाली बसली. सीटखाली हात घातला आणि पिवळा दांडा ओढला.

चाकं सैल झाली. बसचा उतार खुर्चीची वाट बघत थोडा वेळ तसाच राहिला, मग आपोआप वर गेला. दार मिटलं.

मिथिला बसकडं बघत होती. बस वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा ती म्हणाली, "निदान आवाज तरी ऐकू दे."

मोटर सुटलेली खुर्ची दगडासारखी जड असते. सुनीतीनं ढकलली, मामानं कमरेला पट्टा आवळून हात लावला, आणि थांबत थांबत तिघं गारगोटी रोडनं स्टेडियमच्या भिंतीपर्यंत पोचली. आत कुणीतरी गोल केला. मिथिलानं डोळे मिटून सांगितलं, "आपला." थोड्या वेळानं दुसरा आरडाओरडा झाला. "त्यांचा. हेडर असणार." मामानं विचारलं, "कशावरनं गं?" ती म्हणाली, "उसासा लांब होता." तेवढा वेळ ती पूर्वीची मिथिला होती.

शेवटची शिट्टी झाली. तिघं तीन नंबरच्या गेटसमोर, रस्त्याच्या पलीकडं उभी होती. दार उघडलं आणि माणसं बाहेर येऊ लागली.

ती दोन धारांनी येत होती. एक उजवीकडून, एक डावीकडून, नीट, शिस्तीत, न थांबता. दाराच्या आत, मधे, जरा बाजूला एक जागा होती जिला सगळे वळसा घालत होते. गर्दीमुळं तिथं कोण आहे ते दिसत नव्हतं.

"सर!" मिथिला ओरडली. झेंड्यांच्या गलक्यात तिचा आवाज रस्तासुद्धा ओलांडू शकला नाही.

तिनं खुर्चीच्या मोकळ्या चाकावर हात ठेवला. सुनीतीनं मागून खुर्ची घट्ट धरली. डोक्यांच्या वरून, दोन धारांच्या मधे, एक टोपी हवेत उंच धरलेली दिसली. मग ती खाली गेली, आणि माणसं येत राहिली.